कोल्हापूरच्या पेंटरने हाताने सिनेमाचा कॅमेरा बनवला, पण सिनेमा बोलायला लागला आणि गणित बिघडलं

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावात बसून रील्स बघा नाहीतर पुण्या-मुंबईत, एक व्हिडीओ हमखास समोर येतो. एखादं पोरगं सनबोर्ड, कटर आणि फेविक्विक घेऊन बसलेलं असतं. बघता बघता त्याच्या हातातून लालपरी तयार होते, नाहीतर जुनी ॲम्बॅसेडर. चाकं फिरतात, दारं उघडतात, आतल्या सीटसुद्धा जागच्या जागी असतात.

हा छंद दिसतो तितका सोपा नाही. 1:24 या मापात गाडी करायची म्हटलं तर चार मीटरची खरी गाडी साधारण 17 सेंटीमीटरमध्ये बसवावी लागते. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी गाडीचं तोंड बिघडतं.

आता या छंदात थ्रीडी प्रिंटर आलाय. कॉम्प्युटरवर डिझाईन करा, बटण दाबा आणि बंपर, रिम, आरसे तयार. त्यामुळे जुन्या हातांच्या लोकांना प्रश्न पडलाय, की मशीनने काढलेल्या गाडीला आपण बनवलेली गाडी म्हणायचं का? नवी पोरं म्हणतात, डिझाईन तर डोक्यातूनच आलंय ना, मग अडचण काय?

वाद आजचा वाटतो, पण महाराष्ट्राने तो शंभर वर्षांपूर्वी बघितलाय. ठिकाण होतं कोल्हापूर आणि मधोमध उभा होता एक असा माणूस, ज्याने आधी हाताने मशीन बनवलं आणि नंतर दुसऱ्या मशीनमुळे ज्याचं सगळं गणित बिघडलं.

त्यांचं नाव बाबूराव पेंटर.

आडनाव मेस्त्री, ओळख पेंटर

3 जून 1890 ला कोल्हापुरात बाबूरावांचा जन्म झाला. पूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. घर कारागिरांचं, आडनावातच मेस्त्री. लाकूड, धातू, रंग, माती या गोष्टी पुस्तकात वाचायच्या नसतात, हातात घ्यायच्या असतात हे त्यांनी घरातच बघितलं. चित्रकलेचं कॉलेज वगैरे प्रकार त्यांच्या वाट्याला आला नाही. जे शिकले ते बघून आणि करून.

नात्यातले भाऊ आनंदराव त्यांच्या जोडीला होते. दोघंही नाटकांचे पडदे रंगवायचे. आज पडदा म्हटलं की मागे लावलेलं कापड डोळ्यांसमोर येतं, पण संगीत नाटकांच्या त्या काळात पडदा म्हणजे अर्धं नाटक होतं. राजवाडा, जंगल, देऊळ, रस्ता हे सगळं सपाट कापडावर असं रंगवायचं, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते खोल आणि खरं वाटलं पाहिजे. 1910 ते 1916 या काळात या कामात दोघा भावांचं नाव मोठं झालं. मराठी नाटक मंडळ्याच काय, गुजराती-पारशी रंगभूमीसाठीही त्यांनी पडदे केले. कामावरून लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडलं.

सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात 3 मे 1913 ला मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला.

दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. ज्यांनी आयुष्यभर न हलणारी चित्रं काढली, त्यांना हलणारं चित्र दिसलं होतं. आधी त्यांनी सिनेमे दाखवण्याचा धंदा करून बघितला. पण डोक्यात एकच होतं, सिनेमा दाखवायचा नाही, बनवायचा.

कॅमेरा आणायचा कुठून?

सिनेमा बनवायला कॅमेरा लागतो आणि तो भारतात बनत नव्हता. फाळके त्यासाठी 1912 मध्ये थेट लंडनला गेले होते आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरच्या पडदे रंगवणाऱ्यांसाठी लंडन लांब होतं. त्यात 1914 ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी माल मिळणं अजून अवघड झालं.

मग दोघांनी ठरवलं, कॅमेरा आपणच बनवायचा.

ऐकायला हे धाडस वाटतं, पण त्यामागे कारागिराचा साधा हिशोब होता. सिनेमा दाखवणारा प्रोजेक्टर त्यांच्या बघण्यातला होता आणि प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही आतून एकाच घरातली भावंडं आहेत. दोन्हींमध्ये फिल्मची पट्टी एकसारखी सरकत नाही, ती थांबत थांबत सरकते. पट्टीच्या कडेला भोकं असतात. एक छोटा आकडा त्या भोकात अडकतो, पट्टी एका चित्राएवढी खाली ओढतो आणि सोडतो. पट्टी सरकत असताना शटर उजेड अडवतं, थांबली की उघडतं. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण 16 वेळा व्हायचं आणि ते सगळं हाताने हँडल फिरवून. एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला दोन फेरे.

तत्त्व समजलं म्हणजे कॅमेरा झाला असं मात्र नाही. फिल्मवरचं एक चित्र जेमतेम 25 मिलिमीटर रुंद असतं. ते पंधरा फुटी पडद्यावर टाकलं की सुमारे 180 पट मोठं होतं. म्हणजे आकड्याने पट्टी अर्धा मिलिमीटर जरी चुकीच्या जागी थांबवली, तरी पडद्यावर माणूस 9 सेंटीमीटरने उडी मारणार. छोट्या गाड्या बनवणारे मोठ्या वस्तूचं लहान माप करतात. इथे उलटं होतं. हाताची लहानशी चूक पडद्यावर 180 पट मोठी होऊन दिसणार होती.

काम अर्ध्यावर असताना 1916 मध्ये आनंदराव गेले.

बाबूरावांचा भाऊ गेला आणि कामातला जोडीदारही. इथे गोष्ट संपली असती तर कुणी दोष दिला नसता. पण बाबूरावांनी काम सोडलं नाही. त्यांच्यासोबत आता विष्णुपंत दामले नावाचा शिष्य होता. चित्रकलेइतकंच यंत्रात डोकं चालणारा. गुरू-शिष्यांनी मिळून जुळवाजुळव चालू ठेवली आणि 1918 मध्ये कॅमेरा चालला. भारतात बनलेला सिनेमाचा पहिला कॅमेरा म्हणून तो ओळखला जातो.

भीमाने कीचक मारला आणि लोक ओरडले

कॅमेरा झाला, आता पैसा लागणार होता. तो दिला तानीबाई कागलकर या कोल्हापूरच्या गायिकेने. मराठी सिनेमाच्या पायाभरणीत एका गायिकेचे पैसे आहेत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

पहिला सिनेमा होता 'सैरंध्री'. महाभारतातली कीचकवधाची गोष्ट. याच कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'कीचकवध' हे नाटक लिहिलं होतं आणि त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आहे हे ओळखून इंग्रज सरकारने 1910 मध्ये त्यावर बंदी आणली होती. त्यामुळे गोष्ट जुनी असली तरी लोकांच्या मनात ती ताजी होती.

फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम पुरुषाने केलं होतं. बाबूरावांनी बायकांची कामं बायकांनाच दिली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली, पण आपल्याच समाजाकडून त्यांना बहिष्कार सोसावा लागला.

7 फेब्रुवारी 1920 ला पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. भीम झाले होते बाळासाहेब यादव आणि कीचक होते झुंझारराव पवार. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा झाला, की थिएटरात लोक ओरडायला लागले. शेवटी सेन्सॉरने तो प्रसंग काढायला लावला. लोकमान्य टिळकांनी सिनेमा बघून बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी 1 ऑगस्टला टिळक गेले.

हाताने बनवलेला कॅमेरा पडद्यावर पास झाला होता.

पडदे रंगवणाऱ्यानेच पडदा काढून टाकला

खरी गंमत इथून पुढे आहे. बाबूराव मूळचे पडदे रंगवणारे. त्यांना सगळ्यात सोपं काय होतं? मागे रंगवलेला पडदा लावायचा आणि पुढे नटांना उभं करायचं. त्या काळात तशीच रीत होती. पण बाबूरावांच्या लक्षात आलं, की नाटकात प्रेक्षक एकाच जागेवरून बघतो, कॅमेरा मात्र जागा बदलतो. जागा बदलली की पडद्यावरची खोली खोटी पडते.

मग त्यांनी स्वतःचीच कला बाजूला ठेवली आणि घनाकृती सेट उभे केले. खरोखरच्या भिंती, खांब, दारं. त्यात माणूस राहत असेल असं वाटलं पाहिजे. ज्या कलेने नाव दिलं, तीच नव्या यंत्रापुढे चालत नाही म्हटल्यावर त्यांनी तिला धरून ठेवलं नाही.

हातातली चित्रकला मात्र कुठेच गेली नाही. शूटिंगच्या आधी ते पात्रांची, कपड्यांची, हालचालींची रेखाटनं काढायचे. म्हणजे सिनेमा आधी कागदावर तयार व्हायचा. उजेड कुठून यावा हे त्यांना चित्रकार म्हणून माहीत होतं, म्हणून 1923 च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीचे प्रसंग घेतले. तोवर शूटिंग म्हणजे ऊन असेपर्यंतच काम असं गणित होतं. आणि तानाजीने कडा चढला तो रात्री, मग तो उन्हात दाखवायचा कसा? हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरचा हा सिनेमा. यात शेलारमामाचं काम करणारा पोरगा पुढे व्ही. शांताराम म्हणून देशाला माहीत झाला.

जाहिरातीतही तेच. सिनेमाची पोस्टरं बाबूराव स्वतः रंगवायचे. 1924 च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर भारतातल्या आज टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या चित्रमय पोस्टरांमध्ये मोजलं जातं. सोबत गोष्ट आणि फोटो असलेली पुस्तिकाही निघायची. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रमोशनसुद्धा घरचंच.

आणि मग आला 'सावकारी पाश'

1925 मध्ये बाबूरावांनी देव, राक्षस, किल्ले सगळं बाजूला ठेवलं आणि शेतकऱ्यावर सिनेमा बनवला. नारायण हरी आपट्यांची कथा. सावकाराच्या खोट्या कागदामुळे एका शेतकऱ्याची जमीन जाते आणि त्याला गाव सोडून शहरात गिरणी कामगार व्हावं लागतं. तरुण शेतकरी होते व्ही. शांताराम. एका पडक्या झोपडीपुढे रडणारं कुत्रं, अंधुक उजेड, बाकी काही नाही, हे त्यातलं दृश्य बघणाऱ्यांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहिलं.

नांदेड-लातूरकडच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला लागत नाही. कर्ज, कागद, जमीन आणि मग पुण्या-मुंबईची गाडी, हा क्रम इथे घराघरात ठाऊक आहे. पण तेव्हाच्या प्रेक्षकाला पडद्यावर स्वतःचंच दुःख बघायची सवय नव्हती. सिनेमा धंद्यात चालला नाही. बाबूराव परत पौराणिक कथांकडे वळले. आज भारतातल्या वास्तववादी सिनेमाची सुरुवात सांगताना 'सावकारी पाश'चं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चार शिष्य निघाले, नवीन कंपनी उभी राहिली

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही कंपनी कमी आणि तालीम जास्त होती. इथे सेट उभारणाराच पात्र रंगवायचा, नटाला सामान उचलावं लागायचं आणि कॅमेऱ्याच्या मागे काय चालतं हे सगळ्यांना माहीत असायचं. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर ही सगळी माणसं इथे तयार झाली.

1 जून 1929 ला या चौघांनी सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. गुरूच्या हाताखाली घडलेले हात आता स्वतःचं घर बांधायला निघाले होते. बाबूरावांच्या कंपनीची मुख्य माणसंच गेली.

आणि दोनच वर्षांत दुसरा धक्का बसला. 14 मार्च 1931 ला मुंबईत 'आलम आरा' लागला. सिनेमा बोलायला लागला.

हँडल फिरवणारा हात नकोसा झाला

बोलपट आला म्हणजे फक्त आवाज वाढला असं नव्हतं, आतलं सगळं यंत्रच बदललं. मूकपटात हँडल फिरवणारा हात थोडा मागे-पुढे झाला तरी चालून जायचं, उलट चांगला कॅमेरामन प्रसंगाप्रमाणे वेग कमी-जास्त करायचा. त्यात कारागिरी होती. आवाजाला हे चालत नाही. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते आणि तिचा वेग जरा जरी बदलला तरी माणसाचा आवाज चिरका नाहीतर घोगरा होतो. म्हणून वेग ठरला सेकंदाला 24 चित्रं, तोही मोटरवर. हाताचं काम तिथेच संपलं.

पुढे कॅमेऱ्याची खडखड मायक्रोफोनमध्ये यायला लागली, म्हणून तो झाकावा लागला. आवाज करणारे दिवे चालेनात. नटाचा चेहरा आणि अंग पुरेसं नव्हतं, त्याला बोलता आणि गाता आलं पाहिजे. आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रं परदेशी, महागडी. 1918 सारखं घरच्या घरी जुळवून बघू, ही सोय राहिली नाही.

बाबूरावांना बोलपट मनापासून पटला नाही. त्यांच्या दृष्टीने इतक्या वर्षांच्या मेहनतीने चित्राची जी भाषा तयार झाली होती, ती आता संवादांच्या गर्दीत मोडणार होती. आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. सुरुवातीच्या कितीतरी बोलपटांत कॅमेरा एका जागी खिळला, नट मायक्रोफोनच्या आसपास घोटाळायला लागले आणि सिनेमा परत नाटकासारखा दिसायला लागला. ज्या सपाट पडद्यातून बाबूरावांनी सिनेमाला बाहेर काढलं होतं, तिथेच तो निघाला होता.

पण बाजार थांबत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

आणि गंमत बघा. 1932 मध्ये मराठीतला पहिला बोलपट आला 'अयोध्येचा राजा', तो बनवला प्रभातने. त्या प्रभातमध्ये आवाजाचं खातं सांभाळलं कुणी? विष्णुपंत दामल्यांनी. ज्याने 1918 मध्ये बाबूरावांसोबत कॅमेरा जुळवला होता, त्याच शिष्याने आता ध्वनियंत्राचं मर्म समजून घेतलं. पुढे दामले-फत्तेलाल जोडीचा 1936 चा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातली साधी माणसं, साधी घरं, खरा उजेड बघितला की कोणत्या तालमीतून ही जोडी आली ते कळतं.

यंत्र उघडून बघायची सवय गुरूची होती. त्या वेळी ती शिष्याच्या कामी आली.

परत माती, परत रंग

बाबूरावांनी बोलपट केलेच नाहीत असं नाही. 1935 ला 'उषा', 1936 ला 'सावकारी पाश' परत बोलपट म्हणून, 1937 ला 'प्रतिभा'. 1946 ला 'रुक्मिणी स्वयंवर' आला. 1947 च्या 'लोकशाहीर रामजोशी'वर तर गुरू बाबूराव आणि शिष्य शांताराम अशी दोघांची नावं दिग्दर्शक म्हणून लागली. 1952 चा 'विश्वामित्र' चालला नाही.

पण या काळात त्यांचं मन जास्त रमलं ते जुन्या कामात. चित्रं आणि शिल्पं. जिथून सुरुवात केली होती तिथेच ते परत गेले. इथे मोटरचा वेग पाळायचा नव्हता, मायक्रोफोन नव्हता. 16 जानेवारी 1954 ला कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. लोक आजही त्यांना कलामहर्षी म्हणतात.

'सैरंध्री' आज बघायला मिळत नाही. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक काळाच्या ओघात गेले, 1927 चा 'मुरलीवाला' मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपला गेला. आणि कोल्हापुरात त्यांच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे.

आता परत सनबोर्डच्या गाडीकडे या. हात मोठा की मशीन, या वादात बाबूरावांना कुठल्या बाजूला उभं करायचं? ते हाताचे कारागीर होते, पण मशीनचे वैरी कधीच नव्हते. पडदा चालत नाही म्हटल्यावर त्यांनी पडदा सोडला, ऊन पुरत नाही म्हटल्यावर दिवे लावले. कॅमेरा नव्हता तर कॅमेरा बनवला. जे मशीन त्यांनी खोलून बघितलं, ते त्यांच्या हाताचं हत्यार झालं. आवाजाच्या मशीनवर मात्र त्यांचा जीव बसला नाही आणि तेवढ्या एका मशीनने त्यांना मागे टाकलं.

थ्रीडी प्रिंटर घेणाऱ्या पोराने एवढं केलं तरी पुरे, एकदा तो खोलून बघायचा. आणि हाताने गाडी करणाऱ्यानेही.